सरांच्या गाडीचा पिकअप

"सर, खरं सांगा, ही गाडी हाय का इस्त्री?"

रविवारी सकाळी शिवराजने कुंपणावरून हा प्रश्न टाकला, तेव्हा राजपाल सर आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाडीला वायर लावत होते. हुमनाबादच्या त्या गल्लीत दोघांची घरं भिंतीला भिंत लावून होती. शिवराजची बाजारात तुरीची अडत होती. आवाज अडतीचा होता आणि देहही अडतीला शोभेल असाच होता. सर मराठी शाळेत विज्ञान शिकवत. वर्गात खणखणीत बोलत, पण शाळेचं फाटक ओलांडलं की त्यांचा आवाज निम्म्यावर येई.

"इस्त्री कामून म्हणायलाव, अण्णा?" सर वायर हातात धरूनच म्हणाले.

"न्हाई, रोज सकाळी वायर लावायलाव, रोज संध्याकाळी वायर काढायलाव. कपडे तरी कडक व्हायलेत का?"

दूध घालायला आलेला माणूस हसला. समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेली मंडळी फेस सांडत हसली. हे सगळं सरांनी सोसलं असतं, पण त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या घरातून हसण्याचा आवाज आला. त्यांची आई पार्वतीबाई खिडकीत बसून गवार निवडत होती. तो आवाज मात्र सरांना लागला.

शिवराजनेही दसऱ्याला नवी गाडी घेतली होती. ती हायब्रीड होती. तिच्यात पेट्रोलचं इंजिनही होतं आणि विजेची मोटरही. कधी एक चाले, कधी दुसरी, कधी दोन्ही. कोण कधी चालतंय हे शिवराजला कळत नसे, आणि कळून घ्यायची त्याला गरजही वाटत नसे.

सर गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "अण्णा, विजेच्या मोटरला पहिल्या क्षणापासून पुरा जोर असतोय. तुमच्या गाडीत दोघं गडी कामाला हायत. तुमी पाय दाबला की आधी त्यांची चर्चा व्हती, तू जातोस का मी जाऊ. तवर माझी गाडी शंभरावर गेलेली असती."

"शंभरावर?" शिवराजने डोळे मोठे केले. "तुमची? सर, परवा बाजारात तुमच्या गाडीला एक म्हातारी काठी टेकत ओलांडून गेली. मी बघितलं की."

हे खोटं नव्हतं. सर फार जपून गाडी चालवत. बिदरला जायचं झालं तर हमरस्त्यावर एखादी जड लॉरी गाठत आणि तिच्या मागे मागे, तिच्याच चालीने जात. लॉरी धाब्यावर थांबली की सरही थांबत आणि दुसऱ्या लॉरीची वाट बघत. साठाच्या पुढे काटा कसा दिसतो हे त्यांनी फक्त मोबाईलवरच्या व्हिडिओत पाहिलं होतं.

"ते वेगळं," सर म्हणाले. "मी पळवत न्हाई. पळवली तर तुमची गाडी आरशात दिसंल."

"मग व्हऊन जाऊ दे! शून्यापासून शंभर. कुणाची आधी जाती बघू."

"व्हऊन जाऊ दे," असं कोणीतरी म्हणालं. सरांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ते स्वतःच म्हणाले होते.

चहाच्या वेळेपर्यंत ही बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली. येत्या रविवारी सर आणि शिवराजअण्णा गाड्यांचा पिकअप बघणार. गावाबाहेर नव्या वळणरस्त्याचा एक तुकडा तयार होऊन पडला होता. पुढचा पूल व्हायचा होता, त्यामुळे त्यावर अजून वाहनं सोडलेली नव्हती. जागा शिवराजनेच ठरवली. सरांची मुलगी प्रियंका कलबुर्गीला इंजिनिअरिंग शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. मोबाईलवर वेळ लावायचं काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं.

"पप्पा, तुमीच जिंकणार," ती म्हणाली. "सुरुवातीचा जोर बघितला तर तुमची गाडी त्यांच्या गाडीला मोजतच न्हाई."

सरांना तीच भीती होती. गाडी खरोखरच पळाली तर काय करायचं?

वर्गात त्यांनी त्वरण हा धडा इतक्या वेळा शिकवला होता की व्याख्या झोपेतही सांगितली असती. गोट्या उतारावरून सोडून दाखवल्या होत्या. पण त्या गोटीत आपण बसलोय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता वाटू लागलं. संध्याकाळी त्यांची बायको मैत्रेयी तुळशीपत्ती टाकलेला चहा घेऊन अंगणात आली, तर सर बंद गाडीत बसून एक पाय हळूच दाबत होते आणि सोडत होते.

"काय करायलाव?"

"सवय करायलोय."

"बंद गाडीची?"

"मैत्रेयी," सर काच खाली करून म्हणाले, "हरलं तर चालंल मला."

"मंग हरा की. त्यात काय?"

"हरायला बी पळवावी लागती ना!"

तिने चहा खिडकीतून आत दिला. तिच्याकडेही गाडीचं लायसन होतं, दोघांनी बरोबरच काढलं होतं. पण गाडी आल्यापासून तिने चालवायला मागितली की सर म्हणत, "थांब, नवीन हाय अजून." जुनी कधी होणार हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

मग सरांनी सुटायचे मार्ग शोधायला सुरुवात केली. सोमवारी ते शिवराजला म्हणाले, "अण्णा, माझ्या टायरात हवा कमी वाटायलीय." शिवराजने अडतीतल्या माणसाबरोबर हवेचं मशीन घरपोच पाठवलं. मंगळवारी सर म्हणाले, कंबर धरलीय. शिवराजची बायको विजयश्री शेकायला गरम विटकर घेऊन आली. ती जाईपर्यंत सरांना पालथं पडून राहावं लागलं, आणि कंबर मुळातच बरी आहे हे तिला कळलं. बुधवारी त्यांनी सगळ्यात शास्त्रीय कारण काढलं.

"अण्णा, ह्या दोन्ही कुटुंबाच्या गाड्या हायत. एकट्या माणसानं पळवून काय कळतंय? खरी परीक्षा भरल्या गाडीची. घरची माणसं बसलेली पाहिजेत."

त्यांना वाटलं, बायका नाही म्हणतील आणि विषय संपेल. शिवराज क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने सरांच्या पाठीवर थाप मारली. "ह्याला म्हणायचं शिकलेला माणूस!"

बायका नाही म्हणाल्या नाहीत. विजयश्री म्हणाली, "कोणती साडी नेसायची?" आणि पार्वतीबाईंनी तर त्याच दिवशी चपला पुसून दारात ठेवल्या.

पण यातून नवाच पेच निघाला. शिवराजचं म्हणणं, सरांच्या गाडीत तिघं आणि माझ्या गाडीत दोघं, तर भार सारखा कसा? सरांचं म्हणणं, तुमचे दोघं आमच्या तिघांना भारी पडतील. वाद मिटवायला शनिवारी दोन्ही घरं अडतीत गेली. तिथे तुरीची पोती तोलायचा मोठा काटा होता.

आधी शिवराज चढला. काट्याची फळी कुरकुरली. मग विजयश्रीची पाळी आली, तेव्हा तिने पदर खोचला आणि काट्यावरच्या माणसाला दम भरला. "आकडा मोठ्यानं वाचलास तर उद्यापासून चहा बंद."

"मंग कसं सांगू, अक्का?"

"सांगूच नको. मनात ठेव."

मैत्रेयीनेही हीच अट घातली. त्यामुळे तो माणूस मनातल्या मनात सगळ्यांची बेरीज करत घामाघूम झाला. पार्वतीबाई मात्र काट्यावर उभ्या राहून उतरेचनात. "वाच की रं माझं. दोन वर्सामागं दवाखान्यात मोजलं तवापासनं वाढले का बघ." शेवटी त्या माणसाने दोन्ही मालकांना बाजूला नेऊन कानात निकाल सांगितला. शिवराजचं दोघांचं कुटुंब जड निघालं होतं. भार सारखा करायला सरांच्या डिकीत तुरीचं एक पोतं टाकायचं ठरलं.

सर घरी आले आणि जेवले नाहीत.

रविवारी सकाळी वळणरस्त्यावर पोचले तेव्हा सरांनी आधी परत फिरायची जागा शोधली. रस्ता कोरा, काळाभोर आणि नको तितका सरळ होता. ओट्यावरची सगळी मंडळी आधीच येऊन रस्त्याकडेच्या मातीच्या पाळीवर बसली होती. जवळच्या धाब्यावरचे दोन लॉरीवाले हातात चहाचे ग्लास घेऊन उभे होते. ठेकेदाराने ठेवलेल्या मुरमाच्या ढिगाऱ्यांपुढे दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लागल्या. प्रियंका ओढणी हातात घेऊन गाड्यांपुढे उभी राहिली.

"मी तीन म्हणून वढणी खाली केली की सुटायचं!"

सरांनी पट्टा बांधला. पट्टा बांधलाय का ते तपासलं. मैत्रेयीला पट्टा बांधायला सांगितला, आईला बांधायला सांगितला, आणि पुन्हा स्वतःचा तपासला. गाडीत एक तांबड्या अक्षरांचं बटण होतं, जोर वाढवणारं. आजवर त्यांनी ते पुसतानासुद्धा त्याला हात लागू दिला नव्हता. "ते दाबा बरं का, पप्पा," असं प्रियंकाने बजावलं होतं. सरांनी डोळे मिटून ते दाबलं. मग पुढे जायची खटकी फिरवायची होती. त्यांच्या गाडीला गिअरचा दांडा नव्हता, एक गोल खटकी होती. उजवीकडे फिरवली की पुढे, डावीकडे फिरवली की मागे. घामाने बोटं निसटत होती. खटकी फिरली आणि टक्कन वाजली.

"आरं राजपाल," मागून पार्वतीबाई गाडीतल्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "ह्या टीव्हीत मुरमाचा ढीग कामून दिसायलाय?"

"माय, आता बोलू नको."

"न्हाई, ढीग तर आपल्या माघारी हाय."

"माय!"

"एक!" प्रियंका ओरडली. "दोन! तीन!"

सरांनी पाय दाबला. विजेच्या मोटरला पहिल्या क्षणापासून पुरा जोर असतो हे त्यांनी सांगितलेलं शब्दन् शब्द खरं निघालं. गाडी आवाज न करता अशी सुटली की सरांची छाती पट्ट्यावर आदळली, मैत्रेयीच्या मांडीवरची पर्स समोरच्या काचेला लागली, आणि ओढणी घेतलेली प्रियंका बघता बघता लहान होत गेली. ती लहान का होतेय हे सरांना समजायच्या आत मागे धप्प असा मऊ आवाज झाला. गाडीचं शेपूट वर उचललं गेलं. समोरच्या काचेत आभाळ दिसायचं बंद झालं आणि नुसता काळा रस्ता दिसू लागला.

डिकीतलं पोतं फुटलं होतं; तुरीचे दाणे सरसर सीटखालून पायाशी येत होते.

"माय, लागलं का?" सरांनी विचारलं.

"लागलं न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या. "पोटात गुदगुल्या झाल्या. पुन्यांदा करणार हाईस का?"

सर दार ढकलून मुरमावर उतरले. गाडीचा मागचा भाग ढिगात रुतला होता. पहिल्यांदा त्यांनी माणसं बघितली, सगळी धड होती. मग गाडी बघितली. आणि मग, काळीज घट्ट करून, शिवराज किती पुढे गेलाय ते बघायला त्यांनी रस्त्याकडे मान वळवली.

शिवराजची गाडी जागची हललेली नव्हती.

शिवराज आत बसून एकामागून एक बटणं दाबत होता. झालं होतं असं, की हायब्रीड गाडी उभी असली की तिचं इंजिन आपोआप बंद राहतं आणि गाडी गप्प असते. प्रियंकाने दोन म्हटल्यावर शिवराजला एकदम शंका आली की गाडी चालू आहे की नाही. म्हणून त्याने चालू करायचं बटण दाबलं. गाडी चालूच होती, ती बंद पडली. तेव्हापासून तो पाय दाबत होता आणि गाडी काही बोलत नव्हती.

पाळीवरची मंडळी उठून जवळ आली. निकाल काय लावायचा यावर वाद पेटला.

"शिवराजअण्णा जिंकले," एक लॉरीवाला म्हणाला. "ते पुढं हायत की."

"हाललेच न्हाईत, जिंकले कसले?"

"न हालता पुढं हायत. आणखी काय पाहिजे?"

प्रियंकाला ते पटेना. "त्वरण बघायचं ठरलं व्हतं. पप्पांच्या गाडीचं त्वरण जास्त हाय. दिशा उलटी व्हती एवढंच."

"बरोबर," सर पुटपुटले, कारण शास्त्र बरोबर होतं. पण लोकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली.

जीपमधून हेडकॉन्स्टेबल हणमंतप्पा उतरले. ते जाडजूड होते, मिशीवाले होते आणि अजिबात घाईत नव्हते. सरांच्या डोळ्यांपुढे क्षणात सगळं उभं राहिलं: केस, वर्तमानपत्रात नाव, मुख्याध्यापकांची खोली, वर्गातल्या पोरांचे चेहरे. ओट्यावरची मंडळी एकेक करून धाब्याकडे सरकली. लॉरीवाले तर कधीच दिसेनासे झाले.

"काय री हे?" हणमंतप्पांनी कन्नड वळणाच्या मराठीत विचारलं. "इथं गाड्यांची रेस लावायलेत म्हणून फोन आला."

शिवराज गाडीतून उतरून हात जोडत आला. "रेस कुठली, साहेब? माझी गाडी बघा. इथंच हाय. सकाळपासनं इथंच हाय."

"आन् ती?"

सगळ्यांनी ढिगाऱ्यावर चढलेल्या गाडीकडे पाहिलं.

"ती मागं गेली, साहेब," सर म्हणाले.

हणमंतप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "म्हंजे रेसमध्ये एक गाडी उभी राहिली आणि एक मागं गेली."

"व्हय, साहेब."

"ह्याची केस कशी ल्ह्यायची री? ठाण्यातले साहेब मलाच विचारतील, तू पिऊन ल्हिलास का म्हणून." मग हणमंतप्पा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, एक विचारू का? माझ्या पोरीच्या घरचे गाडी घ्यायलेत. इलेक्ट्रिक घ्यावी का हायब्रीड, डोकं खायलेत माझं. पिकअप कुणाचा चांगला?"

सर आणि शिवराज एकमेकांकडे बघू लागले. दोघांनाही माहीत नव्हतं.

"आधी गाडी काढू," शिवराज म्हणाला.

हणमंतप्पांच्या जीपमधून दोर आला. शिवराजच्या गाडीने सरांची गाडी ओढायची असं ठरलं. शिवराज आत बसला आणि लगेच बाहेर आला. "पाय कापायलाय," तो विजयश्रीला म्हणाला. फार हळू म्हणाला, पण नव्या रस्त्यावर ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"सरका," विजयश्री म्हणाली.

तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, निऱ्या आवरल्या, सीट पुढे ओढली, आरसा आपल्याकडे वळवला. गाडी कधी चालू झाली ते कळलंसुद्धा नाही. दोर ताणला गेला. तिने पाय असा बेताने दाबला की आधी गाडी नुसती पुढे झुकली, मग इंजिन घुमलं, आणि सरांची गाडी मुरमातून एखादा दात निघावा तशी अलगद बाहेर आली.

सर बघतच राहिले. "अण्णा, वहिनीला येतंय?"

शिवराजने मिशी चोळली. उत्तर विजयश्रीनेच खिडकीतून दिलं. "गल्ली सोडली की मीच चालवते, भावजी. उदगीरला माहेरी गेलो, हैदराबादला गेलो, मीच. परत आलो की गल्लीच्या तोंडाला हे चालवायला बसत्यात. लोक काय म्हणतील म्हणून."

गेला आठवडाभर शिवराज कोणत्या भीतीने जगला असेल हे सरांना त्या क्षणी कळलं. त्यांना त्याला मिठी मारावीशी वाटली. शिवराज मात्र ठेकेदाराच्या फलकावरची कन्नड अक्षरं फार लक्ष देऊन वाचत होता.

सरांच्या गाडीची मागची पट्टी चेपली होती, नंबराची पाटी वाकली होती, बाकी ती ठीक होती. मैत्रेयी चालकाच्या दाराशी उभी होती. तिने हात पुढे केला.

"चावी."

"नवीन हाय अजून," सर सवयीने म्हणाले.

मैत्रेयीने चेपलेल्या पट्टीकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. सरांनी चावी दिली.

"अक्का, एकदा बघायचं का?" मैत्रेयीने पलीकडच्या खिडकीत विचारलं.

"मी कवाची तयार हाय."

हणमंतप्पा मध्ये पडले. "बाई, थांबा. रस्त्यावर असं करता येत न्हाई." मग त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "तसं बघितलं तर हा रस्ता अजून रस्ता झाला न्हाई. ठेकेदाराचा हाय. पर मी सोबत बसणार. नजर ठेवायला." असं म्हणून ते विजयश्रीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. पार्वतीबाई सरांच्या गाडीतून उतरल्याच नव्हत्या. प्रियंकाने इकडे तिकडे पाहिलं, ओढणी गळ्यात टाकली आणि आईच्या शेजारी उडी मारून बसली.

"आगं, वेळ कोण बघणार?" सर ओरडले.

काचा वर गेल्या. दोन बायकांनी एकमेकींकडे बघून मान हलवली. मग शिवराजची गाडी गरजली, सरांची गाडी गरजली नाही, आणि दोन्ही गाड्या जागेवर नव्हत्या. धुळीचा एक पट्टा उठला. पुढे रस्त्याला चढ होता. चढावर दोन ठिपके क्षणभर दिसले, कोण पुढे ते कळायच्या आत पलीकडे उतरले.

सर आणि शिवराज रस्त्याच्या कडेच्या दगडांवर बसले.

"तुमी बी घाबरला व्हता का, अण्णा?" सरांनी विचारलं.

"लै," शिवराज म्हणाला. "तुमी हवेचं निमित्त काढलं तवा मला वाटलं सुटलो. पर बायकोनं मशीन धाडायला लावलं."

"आन् कंबर?"

"विटकर बी तिनंच तापवली. मी म्हनत व्हतो, सरला आराम करू दे."

शेतातून वारा आला. सरांना आठवड्यात पहिल्यांदा भूक लागल्याची जाणीव झाली, पण लगेच दुसरी काळजी सुरू झाली. गाड्या अजून आल्या नव्हत्या. फोन लावावा तर मैत्रेयी चालवत असणार. प्रियंकाला लावावा तर तिने तो उचलला आणि मागून किंकाळ्या ऐकू आल्या तर? त्यांनी फोन खिशात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

गाड्या परत आल्या त्या अगदी सभ्य चालीने, एकीमागे एक. विजयश्री घामेजलेली होती आणि तिचे डोळे चमकत होते. मैत्रेयीचा अंबाडा सुटला होता. पार्वतीबाई हसत होत्या, दातांची कवळी त्यांनी हातात काढून घेतली होती. हणमंतप्पा सगळ्यात शेवटी उतरले. त्यांची टोपी उलटी झाली होती. ते दगडावर बसले आणि म्हणाले, "पानी."

शिवराजने बाटली दिली. दोघंही त्यांच्यापुढे वाकून उभे राहिले.

"साहेब, कोण पुढं व्हतं?"

हणमंतप्पांनी सगळं पाणी संपवलं. "मी डोळे मिटले व्हते," ते म्हणाले. "पोरीला सांगतो, स्कूटर घे." आणि कोणाकडेही न बघता ते जीपकडे चालू लागले.

सरांनी बायकोला विचारलं. "चांगली हाय गाडी," ती म्हणाली. शिवराजने विजयश्रीला विचारलं. "दोन्ही चांगल्या हायत," ती म्हणाली. प्रियंका नुसती मोबाईलकडे बघून हसली. पार्वतीबाईंनी कवळी परत बसवली, आता त्या सांगणार असं वाटलं, आणि त्या म्हणाल्या, "भूक लागली."

संध्याकाळी गल्लीला सांगण्यात आलं की बरोबरी झाली. सर आणि शिवराज दोघांनी ते एका सुरात सांगितलं, आणि कोणी जास्त खोलात विचारू नये म्हणून दोघंही लवकर घरात गेले. सरांनी त्यानंतर चार दिवस वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गोडीने चौकशी करून पाहिली. एकदा भांडी घासायला लागले तेव्हा मैत्रेयी म्हणाली, "राहू द्या, सांगणार न्हाई."

पुढच्या रविवारी सकाळी सर अंगणात पेपर वाचत होते. मैत्रेयी पिशवी घेऊन बाहेर आली. "जरा भाजी आणून येतो आमी," ती म्हणाली आणि गाडीची वायर काढून गुंडाळली. कुंपणापलीकडे विजयश्रीही पिशवी घेऊन गाडीत बसत होती. तिने चपला दारातच काढून ठेवल्या होत्या.

शिवराज लुंगी सावरत कुंपणाशी आला. "सर," तो हळूच म्हणाला, "बाजार तर चौकात हाय. चालत जाता येतंय."

"विचारू नका, अण्णा," सर म्हणाले. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

दोन्ही गाड्या हळूहळू, नाकासमोर, अगदी सालस वाटाव्या अशा गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या. तेवढ्यात घरातून धावत पावलं वाजली. पार्वतीबाई पदर कमरेला गुंडाळत, एका हाताने तोंडातली कवळी काढत, अंगणातून सुटल्या.

"आगं मैत्रेयी, थांब की! मला न घेता कसली भाजी?"

गाडी थांबली. पुढचं दार उघडलं. म्हातारी आत चढली आणि सरांना पट्ट्याचा खट्ट असा आवाज इथपर्यंत ऐकू आला.